भायखळ्याचा तुरुंग, उंडेऱ्याची घरं आणि चार चौकटींचा तक्ता

(नेहमीप्रमाणे हे आपल्या भागाचं लिखित रूप. ऐकताना आकडे हातातून निसटतात, म्हणून या वेळी बऱ्याच जणांनी "लिहून टाक ना" असं आधीच सांगून ठेवलं होतं. बोलताना घेतलेले श्वास आणि खोकला तेवढा काढला आहे.)

हेडफोन लावलेत? लोकलमध्ये जागा मिळाली? नसेल मिळाली तर दांडा घट्ट धरा, कारण आज आपण भायखळ्यालाच उतरणार आहोत. फक्त साल आहे १८९७.

पण त्याआधी एक घरगुती प्रसंग. परवा आमच्याकडे सर्दीची साथ होती. मावशीने काढा करून दिला. तीन दिवसांत मला बरं वाटलं. मावशी म्हणाली, "बघ, काढ्याने गुण आला की नाही?" मी म्हटलं, "मावशी, न घेता किती दिवसांत बरं वाटलं असतं?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा काढा मी निमूटपणे प्यायलो.

प्रश्न उद्धट होता, मान्य. पण रिसर्च मेथड्सचा अख्खा पेपर या एका प्रश्नावर उभा आहे. बीएच्या सायकॉलॉजीला असा, एमएससी ॲग्रीला असा, नाहीतर फार्मसीला असा, कंट्रोल ग्रुप, सिग्निफिकन्स, काय-स्क्वेअर, पी-व्हॅल्यू हे शब्द तुम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेच असतील. आज ते शब्द बाजूला ठेवू आणि ते ज्या प्रश्नांतून आले ते प्रश्न बघू. आणि ते प्रश्न आपल्या मुंबईत, मरणाच्या दारात उभं राहून विचारले गेले होते.

मांडवीतला ताप

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात विचित्र तापाने माणसं मरायला लागली. जांघेत, काखेत गाठ, प्रचंड ताप आणि थोड्याच दिवसांत खेळ खलास. हा प्लेग आहे हे पहिल्यांदा ओळखलं डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. मूळचे गोव्याचे, हडफड्याचे. मग शहर रिकामं व्हायला लागलं. गाड्या भरभरून माणसं गावाकडे निघाली, आणि काही महिन्यांत प्लेग पुण्यात पोचला. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या, त्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना. त्याच वर्षी २२ जूनला पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. घरात घुसून झडती घेणाऱ्या सरकारवर लोकांचा किती राग होता, हे आपण शाळेत शिकलोय.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे येणारी लस याच हवेत आली. सरकारकडून येणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर लोकांचा विश्वास नव्हता. सुईवर तर नाहीच.

ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत एक माणूस आला. वाल्डेमार हाफकिन. जन्म १८६० चा, ओडेसा शहरातला, ज्यू. पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेला. कोलकात्याकडे कॉलऱ्याची लस टोचून आलेला. त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये जागा मिळाली, म्हणजे एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा. तिथे त्याने प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि त्या मेलेल्या जंतूंची लस केली. १० जानेवारी १८९७ ला ती पहिल्यांदा टोचली स्वतःला. ताप आला, अंग दुखलं, पण माणूस उभा राहिला.

आता मावशीचा प्रश्न आठवा. हाफकिनला प्लेग झाला नाही, म्हणून लस चालते का? मुंबईत लाखो लोकांना लस न घेताही प्लेग झाला नव्हता. एका माणसावरून एवढंच कळलं की सुईने माणूस मरत नाही. सुईमुळे वाचतो का, हे कळायला दुसरी बाजू लागते.

तुरुंगातली दुसरी बाजू

ती बाजू मिळाली भायखळ्याच्या तुरुंगात. जानेवारीच्या अखेरीस तिथे प्लेग शिरला. ३० जानेवारीला हाफकिनने तिथल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस दिली. साधारण दीडशे जण. बाकी पावणेदोनशेच्या आसपास लस न घेता राहिले. अन्न तेच, पाणी तेच, भिंती त्याच.

पुढच्या दिवसांत काय झालं? लस न घेतलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला आणि त्यातले सहा दगावले. लस घेतलेल्यांत दोघांना झाला. मेला कोणीच नाही.

झालं ना सिद्ध? थांबा. इथेच रिसर्च मेथड्सचा पहिला तास सुरू होतो.

पहिली शंका: हे नशिबाने होऊ शकतं का?

समजा लस म्हणजे नुसतं पाणी होतं. सहा माणसं मरणारच होती. तर ती कुठल्या गटातली निघतील? हिशेबासाठी गोल आकडे धरू: १७५ लस न घेतलेले, १५० घेतलेले. म्हणजे मरणारा माणूस लस न घेतलेल्यांतला असण्याची शक्यता साधारण ५४ टक्के. नाणं उडवल्यासारखंच, थोडं एका बाजूला झुकलेलं. आता असं नाणं सहा वेळा उडवून सहाही वेळा तीच बाजू पडायला हवी. ०.५४ ला स्वतःशी सहा वेळा गुणा. उत्तर येतं अडीच टक्क्यांच्या जवळपास. चाळीस तुरुंगांत नुसतं पाणी टोचलं, तर एखाद्या तुरुंगात असं दिसेल.

मंडळी, तुम्ही आत्ता स्वतः पी-व्हॅल्यू काढली! कुठलंही सॉफ्टवेअर न लावता. (पेपरात लिहिताना उलट्या दिशेचं नशीबही मोजायला सांगतात, मग आकडा साडेतीनच्या आसपास जातो. पण गाभा हाच.)

इथे एक खूणगाठ बांधून ठेवा. अडीच टक्के याचा अर्थ "लस निरुपयोगी असण्याची शक्यता अडीच टक्के" असा *नाही*. अर्थ असा की, लस निरुपयोगी आहे असं धरून चाललो, तर इतका मोठा फरक नुसत्या नशिबाने दिसण्याची शक्यता अडीच टक्के. पहिलं वाक्य लसीबद्दल आहे, दुसरं आकड्यांबद्दल. भलेभले शोधनिबंध या दोन वाक्यांच्या मधल्या खड्ड्यात पडलेत. तुम्ही पडू नका.

नशीब हटलं, तरी शंका उरतेच

दुसरी शंका जास्त चिवट आहे. लस घ्यायला *तयार* कोण झालं?

हा स्वेच्छेचा मामला होता. कदाचित तरुण, धडधाकट, बेधडक कैदी पुढे आले असतील आणि आधीच खंगलेले मागे राहिले असतील. तसं असेल तर वाचवलं कोणी, लसीने की तब्येतीने? आकडे कितीही मोठे असू देत, हा प्रश्न गणिताने सुटत नाही. तो सुटतो प्रयोग मांडण्याच्या पद्धतीने. कोण कुठल्या गटात जाणार, हे माणसाच्या मर्जीवर सोडलं की सगळी गफलत तिथेच शिरते. आज एखादं ॲप सांगतं की "आमचं प्रीमियम घेणाऱ्यांचे मार्क वाढले", तेव्हा तुरुंगातली हीच शंका विचारायची: प्रीमियम घेणारे आधीच जास्त अभ्यास करणारे नव्हते का?

आणि तुरुंगात "तयार झाला" या शब्दाला किती अर्थ असतो, हा वेगळाच प्रश्न. बाहेर पहारा, आत प्लेग, समोर सरकारी डॉक्टर. त्यातला "हो" किती मोकळा होता? आजच्या कुठल्याही एथिक्स कमिटीने हा प्रयोग असा मंजूर केला नसता.

तिसरी शंका: कोणाला मोजलं आणि कोणाला वगळलं? टोचणीच्या वेळी ज्यांच्या अंगात रोग आधीच शिरलेला होता, असे काही कैदी हिशेबातून बाजूला ठेवले गेले. कारण पटण्यासारखं आहे, लसीला काम करायला वेळच मिळाला नव्हता. पण हीच सवलत दुसऱ्या गटालाही काटेकोर मिळाली पाहिजे. नाहीतर एका गटातले मृत्यू पुसले जातात आणि दुसऱ्यातले तसेच राहतात.

चौथी शंका: प्लेग सुट्या सुट्या माणसांना होत नाही. मेलेल्या उंदरावरच्या पिसवा माणसांवर येतात आणि रोग पसरतो. ही पिसवांची गोष्ट पॉल-लुई सिमोंने १८९८ मध्ये कराचीत दाखवली, म्हणजे तुरुंगातल्या प्रयोगाच्या वेळी ती माहीतच नव्हती. आता समजा एका बराकीत उंदीर मेले आणि योगायोगाने त्या बराकीत लस न घेतलेले जास्त होते. मग सहा मृत्यू म्हणजे सहा वेगळी नाणी नाहीत. एकच नाणं, आणि त्याला चिकटलेले सहा जीव. मघाशी आपण ०.५४ ला सहा वेळा गुणलं, तेव्हा प्रत्येक मृत्यू स्वतंत्र आहे असं गुपचूप गृहीत धरलं होतं. कुठलीही टेस्ट लावताना असं काहीतरी गृहीत धरलेलं असतंच. ते काय आहे हे आधी विचारायचं, मग बटण दाबायचं.

उंडेरा: एकाच छपराखाली

आता बडोद्याला जाऊ. संस्थान सयाजीराव गायकवाडांचं. शहराजवळ उंडेरा नावाचं गाव. फेब्रुवारी १८९८. गावात प्लेग आलेला.

इथे हाफकिनने मांडणी बदलली. घरोघरची माणसं बोलावली आणि *प्रत्येक कुटुंबाचे* दोन भाग केले. वय, तब्येत, बाई-पुरुष बघून दोन्ही भाग शक्य तेवढे सारखे ठेवले. अर्ध्यांना लस, अर्ध्यांना नाही. मग साधारण सहा आठवड्यांनी अधिकाऱ्यांनी घरोघर जाऊन हिशेब मांडला.

यातली हुशारी लक्षात आली का? एकाच घरातली माणसं एकाच जमिनीवर झोपतात, एकाच चुलीवरचं खातात, आणि घरातले उंदीर दोघांचेही तेच. चौथी शंका बरीचशी गळून पडली. हाफकिनला पिसवांचं काही ठाऊक नसतानाही! चांगल्या मांडणीचा हाच मोठेपणा. जे कारण तुम्हाला माहीतच नाही, त्याचाही बंदोबस्त ती करून ठेवते.

ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, तिथला तक्ता असा:

लस घेतलेले ७१. आजारी ८. मृत्यू ३.
लस न घेतलेले ६४. आजारी २७. मृत्यू २६.

लस न घेतलेल्या शंभरांमागे चाळीस गेले, घेतलेल्यांमागे चार.

आता यावर काय-स्क्वेअर लावून बघू. ही टेस्ट कार्ल पिअर्सनने १९०० मध्ये मांडली, म्हणजे उंडेऱ्यानंतर दोन वर्षांनी. कल्पना अगदी बाजारहाटाची आहे. एकूण १३५ माणसं, एकूण मृत्यू २९. लसीने काहीच फरक पडत नसता, तर मृत्यू माणसांच्या प्रमाणात वाटले गेले असते. म्हणजे लस न घेतलेल्यांत साधारण १४ आणि घेतलेल्यांत १५. प्रत्यक्षात दिसले २६ आणि ३. अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतला फरक घ्या, त्याचा वर्ग करा, अपेक्षित आकड्याने भागा. तक्त्याच्या चारही चौकटींसाठी, म्हणजे मेलेले आणि वाचलेले दोन्ही धरून, हे करा आणि बेरीज मारा. उत्तर येतं २६ च्या थोडं वर. चार चौकटींच्या तक्त्यात ३.८४ च्या वर गेलं की पाच टक्क्यांची रेघ ओलांडली म्हणतात. इथे तर नशिबाने असं घडण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षाही कमी येते. घरातली माणसं एकमेकांशी बांधलेली असतात, त्यामुळे हा आकडा अगदी तंतोतंत धरू नका. पण फरक इतका प्रचंड आहे की त्यासाठी टेस्टची गरज डोळ्यांना फारशी वाटत नाही.

चिठ्ठी टाकायची राहिली

मग उंडेऱ्यात काही उणं राहिलं का? राहिलं. दोन भाग "सारखे" आहेत हे माणसांनी नजरेने ठरवलं. आणि नजर लबाड असते, मनात काही वाईट नसतानाही. एखादं किडकिडीत पोर बघून हात आपोआप सुईकडे जाईल, किंवा सुईपासून लांब.

१९१५ मध्ये मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल या दोघा ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी टायफॉइड आणि कॉलऱ्याच्या लशींचे आकडे तपासताना तीन अटी घातल्या. (मेजर हे नावच आहे बरं का, लष्करातला हुद्दा नाही.) दोन्ही गटांतली माणसं सारखी हवीत. रोगाशी त्यांचा संबंध सारखाच यायला हवा. आणि कोण लस घेतलेला व कोण आजारी, हे ठरवताना एकाचा दुसऱ्यावर परिणाम होता कामा नये. वर आपण काढलेल्या शंका आठवा. जवळपास त्याच आहेत.

पहिल्या अटीचं उत्तर सापडलं ते शेतात. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाला. कुठलं खत चांगलं, हे ठरवायचं होतं. पण रानाचा एक कोपरा पाणथळ, एक मुरमाड. मग त्याने जमीन सारख्या सारख्या तुकड्यांच्या गटांत वाटली. तिला ब्लॉक म्हणतात, आणि उंडेऱ्याचं प्रत्येक घर म्हणजे असाच एक ब्लॉक होता. पुढची पायरी मात्र त्याची स्वतःची: ब्लॉकच्या आत कुठल्या तुकड्याला कुठलं खत, हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. १९३५ च्या त्याच्या 'द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स' या पुस्तकात ती प्रसिद्ध चहाची गोष्ट आहे. एक बाई म्हणते, कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे मला चवीवरून कळतं. आठ कप, चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठीने. आठांतून चार निवडायचे प्रकार ७०. म्हणजे नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर यायची शक्यता सत्तरात एक.

चिठ्ठीचं महत्त्व इथे आहे. नशिबाला आपणच प्रयोगात बोलावून, नियम लावून बसवलं, की मग त्याचा हिशेब करता येतो. पुढे १९४८ मध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिलने रोग्यांची वाटणी अशीच यादृच्छिक आकड्यांनी, बंद पाकिटांतून केली होती. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गोळ्यांमागे याच रस्त्याने आलेल्या चाचण्या असतात.

बाटली ५३ एन

गोष्ट इथे गोड शेवटावर संपवता आली असती. पण हाफकिनचं पुढे काय झालं?

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबमधलं मुल्कोवाल गाव. १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. खापर फुटलं हाफकिनवर आणि परळच्या त्याच्या प्रयोगशाळेवर. त्याला कामावरून बाजूला केलं गेलं. कित्येक वर्षं तो आपली बाजू मांडत राहिला.

पण आकडे तेव्हाही बोलत होते. मेलेले सगळेच्या सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते, ५३ एन. त्या दिवशीच्या बाकी बाटल्यांतून टोचलेल्यांना धनुर्वात झाला नाही. लस बनवण्याची पद्धतच सदोष असती, तर मृत्यू एका बाटलीत का कोंडले गेले असते? बाटली गावात उघडताना घाण आत गेली असावी, हे मत हळूहळू भक्कम होत गेलं. रोनाल्ड रॉससारखे नामवंत शास्त्रज्ञ त्याच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ मध्ये तो दोषमुक्त झाला. परळच्या त्या संस्थेला १९२५ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं. हाफकिन इन्स्टिट्यूट. बसमधून जाताना पाटी पाहिली असेल तुम्ही.

तुलना करायला दुसरी बाजू लागते, ही गोष्ट त्याने मुंबईला दाखवली होती. शेवटी त्याचीच सुटका त्या गोष्टीने केली.

सव्वीस

जाता जाता एकच. मी हा भाग लिहिताना उंडेऱ्याच्या तक्त्यावर बराच वेळ अडकलो. ६४ पैकी २६.

काय-स्क्वेअर काढताना २६ हा एका चौकटीतला आकडा असतो. पण विचार करा, एका घरात दोन भाऊ. एकाला लस, एकाला नाही. ज्याला नाही मिळाली, तो गेला. भायखळ्याचे आकडे वर्षभर आधीच आले होते. मग उंडेऱ्यात सगळ्यांनाच का नाही टोचलं?

याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. एक बाजू म्हणते, भायखळ्याच्या आकड्यांवर शंका होत्या, त्या आपणच आज काढल्या. लोकांचा सुईवर विश्वास नव्हता. पक्का पुरावा नसता तर पुढे लाखो लोकांपर्यंत लस पोचली नसती. दुसरी बाजू म्हणते, हे सगळं खरं असलं तरी ज्यांच्या जिवावर पुरावा उभा राहिला, त्यांना कोणी नीट विचारलं होतं का? आज बहुतेक मोठ्या चाचण्यांत एक स्वतंत्र समिती मधेच आकडे तपासते आणि फरक स्पष्ट दिसला की चाचणी थांबवते. तो नियम कोणी हवेतून काढलेला नाही. अशाच सव्वीस-सव्वीसच्या हिशेबातून तो आलाय.

म्हणून पुढच्या वेळी प्रॅक्टिकलच्या वहीत कंट्रोल ग्रुप असं लिहाल, तेव्हा घाईत लिहू नका. त्या दोन शब्दांत माणसं असतात.

आणि हो, मावशीचा काढा अजून चालू आहे. गुण येतो की नाही ठाऊक नाही, पण चव बरी आहे.

पुढच्या भागात आपण सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या एका माणसाकडे जाऊ: पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सगळं शेत न कापता देशाचं पीक कसं मोजायचं, याची ती गोष्ट. तोवर काळजी घ्या, आणि कोणी "आमच्या ओळखीत एकाला फरक पडला" म्हणालं की हळूच विचारा, "आणि ज्यांनी घेतलं नाही, त्यांचं काय झालं?"

भेटू.